फर्मी गॅमा दुर्बीण : ना भिंग, ना आरसा, मग ही बघते तरी काय?

दक्षिणायन (रविवार, रात्री ११:२०)

मंडळी, आज सोसायटीच्या गच्चीवर माझी सहा इंची दुर्बीण लावून पोरांना शनी दाखवला. कडी बघून सगळी खूश होऊन खाली पळाली. तळमजल्यावरची आठवीतली एक मुलगी तेवढी मागे राहिली. नळीत वाकून आरशाकडे बघत म्हणाली, "काका, आरसा नसलेली दुर्बीण असते का?" म्हटलं, भिंगाची असते की. "तसं नाही. दोन्ही नसलेली." मग काय, फर्मीची गोष्ट सुरू झाली ती शनी कलला तरी संपेना. तिला तोंडी सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो. जाणकारांनी चुका काढाव्यात, माझी ना नाही.

नासाची ही दुर्बीण ११ जून २००८ ला केप कॅनाव्हेरलहून डेल्टा-२ रॉकेटनं वर गेली. तेव्हा तिचं नाव ग्लास्ट होतं. ऑगस्टमध्ये बारसं झालं आणि ती एन्रिको फर्मीच्या नावाची झाली. नाव उगाच ठेवलेलं नाही. अवकाशातून सतत येऊन आदळणाऱ्या विश्वकिरणांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या वेगवान कणांना, एवढी ऊर्जा कुठून मिळते, याची एक युक्ती फर्मीनं १९४९ मध्ये सुचवली होती, आणि तिचा माग काढणं हे या दुर्बिणीच्या कामांपैकी एक. साधारण साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून ती दीड तासाला एक फेरी मारते. एका वेळी आकाशाचा पाचवा हिस्सा नजरेत मावतो. २०१८ पर्यंत एका फेरीला मान उत्तरेकडे कलायची, पुढच्या फेरीला दक्षिणेकडे. अशा दोन फेऱ्यांत, म्हणजे तीन तासांत, अख्खं आकाश बघून व्हायचं.

गॅमा हाही प्रकाशच, पण फार जास्त ऊर्जेचा. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट. फर्मीवरचं मुख्य उपकरण, लॅट, ज्यांच्यासाठी बनवलं ते फोटॉन दोन कोटींपासून तीस हजार कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे आणि त्याच्याही वरचे. असला फोटॉन आरशावरून परत फिरत नाही. आरपार जातो, नाहीतर आतच मोडतो. म्हणून त्याला वळवायचा नादच इथं सोडून दिलाय. मोडू द्यायचा आणि तुकडे कुठे उडाले ते बघायचं.

आतली मांडणी अशी. पावणेदोन मीटर लांब-रुंद चौकोनी खोका, त्यात चार ओळींत चार असे सोळा मनोरे. प्रत्येक मनोऱ्यात सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचे थर आणि मधे मधे टंगस्टनचे पातळ पत्रे. (हो, जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेतलं टंगस्टन.) गॅमा फोटॉन टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून गेला की त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन अशी जोडी होते. (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचं उलट भाराचं, प्रतिद्रव्यातलं जुळं.) ही जोडी खाली पळताना प्रत्येक थरावर ठिपका सोडत जाते. ठिपके जोडले की पाहुणा कुठल्या दिशेनं आला ते कळतं. मनोऱ्याच्या तळाशी सीझियम आयोडाइडच्या कांड्या, प्रत्येक मनोऱ्याला ९६. तिथं जोडीची सगळी ऊर्जा चमकून संपते, आणि चमक मोजली की ऊर्जा कळते.

मला सगळ्यात आवडते ती वरची टोपी. एका गॅमामागे लाखभर विश्वकिरण खोक्यावर आदळत असतात. म्हणून खोक्याला वरून आणि बाजूंनी ८९ प्लास्टिकच्या फरशा लावल्यात. विद्युतभार असलेला कण फरशीतून गेला की ती चमकते, गॅमाला भारच नाही म्हणून तो गुपचूप आत शिरतो. फरशी चमकली की समजायचं, हा आपला नव्हे.

आता उद्दिष्टं. कागदावर बरीच आहेत: महाकाय कृष्णविवरांतून निघणारे झोत कसे चालतात, गॅमा स्फोट (गॅमाचे अचानक उठणारे क्षणिक भडके) कशाचे, विश्वकिरण कुठे तयार होतात, कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वानं जाणवणाऱ्या द्रव्याचा) काही माग लागतो का, सौरज्वाळा. पण माझ्या मते सगळ्याची मुळी एका जुन्या यादीत आहे. फर्मीच्या आधी कॉम्प्टन वेधशाळेवर (१९९१ ते २०००) एग्रेट नावाचं उपकरण होतं. त्याच्या शेवटच्या मोठ्या यादीत २७१ स्रोत होते, आणि त्यातले १७० च्या आसपास कोण आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. पत्त्यातच अर्ध्या-एक अंशाची चूक. पूर्ण चंद्राएवढा किंवा त्याहून मोठा डाग, आणि त्यात शेकडो तारे-दीर्घिका. 'सदाशिव पेठ, पुणे' एवढ्यावर माणूस शोधून दाखवा. या अनामिकांना नावं लावणं हे फर्मीचं पहिलं काम.

गंमत पुढेच आहे. फर्मीच्या चौदा वर्षांच्या यादीत सात हजारांवर स्रोत आहेत आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याला अजून नाव नाही. १७० अनामिकांचा शोध घ्यायला गेलेली बाई दोन हजारांवर नवे अनामिक घेऊन आली. मला तरी हे यश वाटतं. तुमचं काय?

चिंचपोकळी_लोकल (रात्री ११:४१)

वाखूसा (वाचनखूण साठवली). उद्या गाडीत वाचतो.

शंकेखोर (सोमवार, सकाळी ७:०५)

छान लिहिलंय, पण दोन शंका. (१) उत्तरपत्रिकेत प्रश्न वाढवून आणले तर त्याला यश म्हणायचं? आमच्या ऑफिसात असं केलं असतं तर दिवाळीला मिठाईचा पुडासुद्धा मिळाला नसता. (२) गॅमा किरण वातावरणातून खाली येत नाहीत म्हणून एवढा खर्च करून वर जायचं. मग लडाखला हानलेत आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस दुर्बीण आहे, तीही गॅमाचीच म्हणतात. तिला तर चांगला २१ मीटरचा आरसा आहे. काय ते एक ठरवा.

दक्षिणायन (सकाळी ८:३०)

शंकेखोर, दुसऱ्या शंकेत तुम्ही मला बरोबर पकडलंत. मेसला आरसा आहे, पण तो गॅमासाठी नाही. फार जोरकस गॅमा वातावरणात घुसला की वरच्या हवेतच त्याची जोडी होते, जोडीपासून आणखी फोटॉन, त्यांच्यापासून आणखी जोड्या, असा कणांचा पाऊस पडतो. हे कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगालाही मागे टाकतात आणि त्यामुळे निळसर उजेडाची एक लकेर उठते, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती. मेसचा आरसा ती लकेर गोळा करतो. थोडक्यात, तिथं हवाच टंगस्टनच्या पत्र्याचं काम करते.

फायदा क्षेत्रफळाचा. तो उजेड जमिनीवर शंभर-सव्वाशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडतो, म्हणजे दहा-अकरा एकर. त्यात कुठेही आरसा असला तरी चालतं. फर्मीची झोळी जेमतेम एक चौरस मीटरची. जोरकस गॅमा मुळातच विरळ, ते फर्मीच्या हाती क्वचित लागतात. उलट कमी ऊर्जेच्या गॅमाची लकेर इतकी फिकी असते की जमिनीवरून ती दिसतच नाही. तिथं फर्मीच हवी. शिवाय मेसला काळोखी, निरभ्र रात्र लागते आणि ती एका वेळी आकाशाचा छोटासा तुकडाच बघते. दोघी एकमेकींच्या सवती नाहीत. मेसचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर.

पहिल्या शंकेवर रात्री बोलू, आत्ता बस पकडायचीय.

निवृत्त_मास्तर (सकाळी १०:१२)

दक्षिणायन, लेख उत्तम. एक पुरवणी जोडतो, राहवत नाही.

जोडीतून फोटॉन, फोटॉनातून जोडी, हा जो कणांचा पाऊस तुम्ही म्हणालात, त्याचं गणित १९३७ मध्ये दोघांनी मिळून मांडलं: वॉल्टर हाइटलर आणि आपले होमी भाभा. भाभा तेव्हा केंब्रिजला होते, तिशीही गाठलेली नव्हती. पुढे मुंबईत टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली, अणुऊर्जेचा कार्यक्रम आला, आणि लोकांना भाभा आठवतात ते त्यासाठी. त्यांचं मूळ काम या पावसाचं, हे फार थोड्यांना माहीत असतं. फर्मीच्या तळच्या सीझियम आयोडाइडच्या कांड्यांत घडतं तेही हेच. हवेत जो पाऊस काही किलोमीटरभर पडतो तोच कांडीच्या दाट स्फटिकात वीतभर जागेत सुरू होतो. ऊर्जा फार असेल तर पाऊस तळाखालून निसटतो, मग दिसलेल्या आकारावरून उरलेल्याचा अंदाज बांधावा लागतो.

मी बारावीला हे शिकवत असे. अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून मुलं लक्ष देऊन ऐकत.

केतकी_पिवळी (सकाळी ११:००)

मास्तर, शेवटचं वाक्य _/\_

ओतूरकर (दुपारी १:३०)

या अनामिकांच्या भानगडीत आमच्या जुन्नर तालुक्याचा हात आहे, हे कुणी लिहिलंच नाही!

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सगळ्यांना ऐकून माहीत असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा खोडदला दाटीनं आणि बाकीच्या इंग्रजी वायच्या आकारात तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. आम्ही लहान असताना कांद्याच्या वावरातून त्या दिसायच्या, संध्याकाळी सगळ्या एका बाजूला मान वळवायच्या तेव्हा आजी म्हणायची, "बघ, काहीतरी ऐकू आलं त्यांना."

तर झालं असं. फर्मीच्या यादीतल्या बिननावाच्या ठिकाणांकडे या तबकड्यांनी कान लावला. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून काही स्पंदक, म्हणजे भिरभिर फिरणारे आणि गिरकीगणिक ठोका देणारे न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे), शोधून काढले. त्यातल्या एकाचा शोधनिबंध २०१३ चा. जे १५४४+४९३७ असं त्याचं रुक्ष नाव. एक गिरकी २.१६ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाला साडेचारशेच्या वर. त्याच्याभोवती एक अगदी हलका जोडीदार २.९ तासांत फेरी मारतो, आणि हा स्पंदक आपल्या माऱ्यानं त्या जोडीदाराला हळूहळू सोलून खातोय. असल्यांना 'काळी विधवा' म्हणतात, नवऱ्याला खाणाऱ्या कोळिणीवरून. जोडीदाराभोवती उडालेला फुफाटा मधे आला की रेडिओचा आवाज गडप होतो. ३२२ मेगाहर्ट्झला प्रत्येक फेरीतला १३ टक्के वेळ, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. ६०७ मेगाहर्ट्झला लावलं तर त्या फुफाट्यातूनही ऐकू येतो.

मग खोडदवरून मिळालेली ठेक्याची मोजणी फर्मीच्या जुन्या फोटॉनांना लावून पाहिली आणि गॅमातही तोच ठेका निघाला. झाला एक अनामिक कमी.

शंकेखोर (दुपारी २:१०)

हे मात्र भारी. पण फर्मीला स्वतःला ठेका का नाही ऐकू आला?

दक्षिणायन (रात्री ९:४५)

फोटॉन फार थोडे येतात म्हणून. अंधुक स्पंदकाच्या लाखो गिरक्या होतात तेव्हा कुठे एखादा फोटॉन खोक्यात पडतो. तबल्याचा ठेका ओळखायचाय, पण दिवसभरात चार-दोन बोलच कानावर येणार, असं समजा. महिनोन्महिन्यांचे फोटॉन घेऊन प्रत्येक शक्य ठेक्यावर बसवून बघावे लागतात, आणि जोडीदार असला तर त्याच्या ओढीनं ठेकाही मागेपुढे सरकतो. रेडिओतून आधी कळलं तर काम सोपं.

तरी फर्मीनं एकटीनंही करून दाखवलंय. पहिल्या काही आठवड्यांतच वृषपर्वा तारकासमूहातल्या सीटीए-१ या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या, अवशेषात तिनं एक स्पंदक पकडला. सेकंदाला तीनेक गिरक्या, आणि रेडिओत चिडीचूप. निव्वळ गॅमातून शोधलेला तो पहिलाच. पुढे असे बरेच निघाले. २०२३ च्या यादीत गॅमा स्पंदकांची संख्या २९४ आहे. काही तर आइनस्टाइन ॲट होम या प्रकल्पात लोकांनी घरच्या संगणकाचा रिकामा वेळ देऊन शोधलेत.

जुना किस्सा सांगतो. मिथुन राशीत एक ठसठशीत गॅमा स्रोत १९७० च्या दशकात एका छोट्या उपग्रहाला दिसला होता. त्या जागी दुसरं काहीच सापडेना. इटालियन मंडळींनी नाव ठेवलं गेमिंगा. मिलानच्या बोलीत 'घे मिंगा' म्हणजे 'तिथं नाहीच्चे'. तो स्पंदक आहे हे क्ष-किरणांतून कळायला १९९२ उजाडलं. एका अनामिकाला वीस वर्षं! शंकेखोर, पहिल्या शंकेचं उत्तर यातच आहे. एग्रेटच्या यादीत शंभरात साठ-बासष्ट अनामिक होते, फर्मीच्या यादीत तीसेक. यादीच पंचवीस पटींनी वाढली त्याला ती काय करणार?

शंकेखोर (रात्री १०:०५)

टक्केवारी मान्य. पण मला कृष्णद्रव्याचं सांगा. वर्तमानपत्रात दर दोन वर्षांनी 'कृष्णद्रव्य सापडले?' असा मथळा येतो. शेवटी प्रश्नचिन्ह ठरलेलं.

दक्षिणायन (रात्री १०:५०)

ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक आहे, बाकीचा मथळा नाही.

कल्पना अशी की कृष्णद्रव्य जड कणांचं असेल आणि ते एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा निघतील. कृष्णद्रव्य दाट कुठे, तर आकाशगंगेच्या केंद्राकडे. तिथं बघितलं तर खरंच हिशेबापेक्षा जास्त गॅमा येताना दिसले. २००९ पासून यावर भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, हेच ते. दुसरा म्हणतो, तिथं ओतूरकरांच्या काळ्या विधवेच्या नात्यातले हजारो जलद स्पंदक असतील, एकेक सुटा दिसत नाही म्हणून एकत्र धुकं दिसतं.

मग अशा ठिकाणी बघितलं जिथं स्पंदक, वायू असला गोंधळ जवळपास नाहीच आणि कृष्णद्रव्य मात्र भरपूर, म्हणजे आकाशगंगेभोवतीच्या बटू दीर्घिका. तिथं खात्रीनं सांगावं असं काही मिळालं नाही. त्यावरून 'अमुक वजनाचा कण अमुक वेगानं नष्ट होत असता तर दिसला असता, दिसला नाही, तेव्हा तसा नाही' एवढं ठामपणे सांगता येतं. मला दुसऱ्या गटाचं पारडं जड वाटतं, पण तो निव्वळ माझा कल.

शंकेखोर (रात्री १०:५८)

म्हणजे 'सापडलं नाही' याचाच अहवाल.

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ६:४०)

शंकेखोर, विहीर खणणाऱ्यालाही कोरड्या जागांची नोंद ठेवावी लागते. नाहीतर पुढचा तिथंच खणतो.

विश्वकिरणांच्या बाबतीत मात्र पाणी लागलं, तेही लिहायला हवं. अतिनवताऱ्याच्या धक्कालाटेत प्रोटॉनना वेग मिळतो असा जुना तर्क होता. पण प्रोटॉनला भार असतो, वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत तो भरकटतो, इथं येईपर्यंत मूळ गाव कुठलं ते कळत नाही. युक्ती अशी की वेगवान प्रोटॉन वायूच्या ढगावर आदळला की पायॉन नावाचा अल्पजीवी कण तयार होतो आणि उदासीन पायॉन लगेच दोन गॅमांत फुटतो. गॅमा भरकटत नाहीत. पायॉनचं वस्तुमान ठरलेलं, त्यामुळे या गॅमांच्या वर्णपटाला खालच्या ऊर्जेला एक ठरावीक उतार येतो. इलेक्ट्रॉनपासून निघालेल्या गॅमांत तो नसतो. गरुड समूहातला डब्ल्यू ४४ आणि मिथुनेतला आयसी ४४३ या दोन अवशेषांत फर्मीला तो उतार नेमका दिसला. २०१३ ची गोष्ट. सगळे विश्वकिरण तिथलेच असं नव्हे, पण प्रोटॉन तिथं पळवले जातात याचा हा सरळ पुरावा.

मृगशीर्ष (सकाळी ९:२०)

मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते. गॅमा स्फोटांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. फर्मीवर लॅटशिवाय दुसरं उपकरण आहे, जीबीएम. वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले चौदा शोधक, पृथ्वीनं झाकलेला भाग सोडून बाकी सगळ्या आकाशावर त्यांची नजर.

१७ ऑगस्ट २०१७, आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या शोधकांत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वलहर आली आणि १.७ सेकंदांनी जीबीएमला दोनेक सेकंदांचा गॅमा स्फोट दिसला. तेरा कोटी प्रकाशवर्षांवरून. छोटे गॅमा स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून होतात हे इतकी वर्षं नुसतं अनुमान होतं. आता आमच्या मराठवाड्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहतेय. ती झाली की असे स्रोत आकाशात नेमके कुठे ते सांगणं पुष्कळ सोपं होईल.

आणि दुसरा, माझा लाडका. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट. आजवर नोंदलेला सगळ्यात प्रखर. जीबीएमचे शोधक अक्षरशः दिपले. १९० कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, पण त्यानं पृथ्वीच्या आयनांबराला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला) धक्का दिला. मला तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या दिवशी कोजागिरी होती!

दक्षिणायन (सकाळी ९:५५)

मृगशीर्ष, थांबा थांबा. मी आत्ता गणित करून बघितलं. स्फोट आपल्या वेळेनुसार संध्याकाळी ६:४७ ला. जागा बाण तारकासमूहातली, क्रांती (म्हणजे आकाशातलं अक्षांश) जवळपास २० अंश उत्तर. पुण्याचं अक्षांश साडेअठरा. म्हणजे त्या क्षणी तो पुण्याच्या जवळजवळ डोक्यावर होता, खस्वस्तिकापासून तीनेक अंश!

मृगशीर्ष (सकाळी १०:०१)

काय सांगता! पावणेसातला मी गच्चीवर सतरंजी घालत होते. चारोळी आणायला मुलाला दुकानात पिटाळलं होतं.

केतकी_पिवळी (सकाळी १०:०३)

दूध नासलं नाही ना? :)

पाना_पकड (दुपारी १२:१५)

विज्ञान तुम्ही सांगताय, मी यंत्राची सांगतो. मार्च २०१२ अखेरीस फर्मीच्या प्रकल्प वैज्ञानिक जुली मॅकेनरी यांना आपोआप आलेला ईमेल: आठवड्याभरात कॉसमॉस १८०५ नावाचा सोव्हिएत काळातला मेलेला हेरगिरी उपग्रह फर्मीच्या अगदी जवळून जाणार. कक्षा जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या, आणि छेदाच्या बिंदूवर दोघं सेकंदाच्या तिसेक सहस्रांश भागाच्या फरकानं पोचणार. अंदाज थोडा जरी चुकला तरी खेळ खलास.

फर्मीवर छोटी इंजिनं होती, पण ती कशासाठी, तर काम संपल्यावर तिला खाली आणून जाळायला. चार वर्षांत एकदाही चालवलेली नव्हती. ३ एप्रिलला सौरपट्ट्या दुमडल्या, अँटेना आत घेतली आणि इंजिन चालवलं एक सेकंद. पुढच्या काही तासांत दुर्बीण परत कामाला. पहिल्यांदा किक मारायची आणि तीही एवढ्या टेन्शनमध्ये, हे माझ्या स्कूटरला जमलं नसतं.

ओतूरकर (दुपारी १२:४०)

मग उद्दिष्टांच्या यादीत नसलेलं काय काय मिळालं?

दक्षिणायन (रात्री ९:३०)

सगळ्यात मोठं म्हणजे फर्मी बुडबुडे. २०१० मध्ये तिघांनी, मेंग सू, ट्रेसी स्लेटियर आणि डग्लस फिंकबायनर, सगळ्यांना खुल्या असलेल्या फर्मीच्या आकडेवारीतून नेहमीचं धुकं वजा करत करत शोधले. आकाशगंगेच्या केंद्रातून वर आणि खाली फुगलेले दोन फुगे, एकेक पंचवीस हजार प्रकाशवर्षं. केंद्रातल्या कृष्णविवराला कधीतरी आलेली ढेकर, की पुष्कळ तारे एकदम जन्मल्याचा परिणाम, यावर अजून एकमत नाही. आपल्याच घराच्या छताला एवढा मोठा फुगा चिकटलेला आणि २०१० पर्यंत कुणाच्या लक्षात नाही!

दुसरं खाली, पृथ्वीवर. वीज कडाडते तेव्हा ढगांच्या माथ्यावर गॅमाचे झटके निघतात हे १९९४ पासून माहीत होतं. १४ डिसेंबर २००९ ला फर्मी इजिप्तवर होती, वादळ झांबियात, क्षितिजाच्या पार पलीकडे. तरी झटका लागला. कारण वादळातून निघालेले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून सरकत वर आले आणि थेट फर्मीवर आदळले. पॉझिट्रॉन दुर्बिणीच्याच अंगातल्या इलेक्ट्रॉनांना भेटून नष्ट झाले आणि त्यांची ५११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टची खूण जीबीएमनं टिपली. ढगातून निघालेलं प्रतिद्रव्य अंगावर घेतलेली दुर्बीण!

शंकेखोर (रात्री ९:५०)

बरं, मिठाईचा पुडा मंजूर. पेढे नाहीत, सोनपापडी.

दक्षिणायन (बुधवार, रात्री ८:१५)

त्या मुलीनं आज लिफ्टमध्ये गाठलं. धागा वाचून दाखवला होता तिच्या आईनं. विचारते, "काका, फर्मीला चंद्र दिसतो का? आणि अमावस्येला?"

दिसतो, आणि अमावस्येलाही पूर्णच! विश्वकिरण चंद्राच्या जमिनीवर सगळीकडून सारखे आदळतात आणि त्यातून गॅमा निघतात. सूर्याचा उजेड कुठल्या बाजूला आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे कला नाहीत. शिवाय फर्मीच्या नजरेत शांत सूर्यापेक्षा चंद्र उजळ. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे विश्वकिरण जवळ येऊ देत नाही, चंद्राला तसलं संरक्षण नाही.

यावर ती म्हणाली, "मग फर्मीला ग्रहण लागतं का?" तेवढ्यात तिसरा मजला आला. मंडळी, काय सांगू तिला?

निवृत्त_मास्तर (रात्री ८:४०)

सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्र सूर्याला झाकतो. तुमच्या म्हणण्यानुसार फर्मीला तेव्हा अंधुक गोष्टीपुढे उजळ गोष्ट आलेली दिसेल. तिला सांगा, ग्रहण उलटं लागतं. आणि चंद्रग्रहणाचं तिला स्वतःलाच शोधायला लावा.

ओतूरकर (रात्री ९:००)

तिला २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला घेऊन या, विज्ञान दिनाला तिथं सगळ्यांना प्रवेश असतो, शाळांच्या गाड्यांची रांग लागते. नारायणगावला उतरा, पुढे मी न्यायला येतो. फक्त आवारात शिरायच्या आधी मोबाईल बंद करायचा. चालू ठेवून घेतलेला सेल्फी तबकडीला ऐकू जातो.

दक्षिणायन (रात्री ९:०४)

ठरलं. चार जण येतोय. शंकेखोर, तुमची जागा धरू का?

शंकेखोर (रात्री ९:३०)

खिडकीची असेल तर.